मुरलेली तंबाखू

मराठीत 'मुरणे' हे क्रियापद मोठे अर्थपूर्ण आहे. लोणचे मुरते, मुरांबा मुरतो, पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि एखाद्या धंद्यात वर्षानुवर्षे वावरलेला माणूसही त्या धंद्यात मुरलेला म्हणून ओळखला जातो. शिळे होणे आणि मुरणे यांतील भेद आपल्या स्वयंपाकघराला पूर्वीपासून ठाऊक आहे. भाकरी शिळी होते, तांदूळ जुना होतो आणि लोणचे मुरते. काळ तिघांवरूनही सारखाच जातो, पण परिणाम मात्र तीन निरनिराळे होतात. शिळेपणात पदार्थ आपल्याजवळचे काही गमावतो. मुरण्यात त्याच्या अंगचेच घटक एकमेकांवर क्रिया करून पूर्वी नसलेला असा एक गुण निर्माण करतात.

तंबाखूलाही हे क्रियापद तंतोतंत लागू पडते. पाइप ओढणाऱ्या शौकिनांत एक जुनी चाल आहे. आवडत्या मिश्रणाचे हवाबंद डबे एकदम घ्यावयाचे, त्यांवर तारीख टाकावयाची आणि पाच, दहा, क्वचित वीस वर्षेही ते फोडावयाचे नाहीत. असा डबा उघडला म्हणजे आतील तंबाखूचा मूळचा पिवळा-तांबूस रंग काळसर झालेला आढळतो, तिला सुक्या अंजिरासारखा किंवा मनुकांसारखा वास येतो आणि तिचा धूर जिभेला पोळत नाही. युरोप-अमेरिकेतील संग्राहक अशा जुन्या डब्यांना नव्या डब्याच्या कितीतरी पट किंमत मोजतात. बंद डब्यात इतकी वर्षे नेमके घडते काय, ते कोणत्या पानाच्या बाबतीत घडते आणि कोणती गोष्ट कितीही वर्षे गेली तरी घडत नाही, हे प्रश्न रसायनशास्त्राचे आहेत. परंतु त्यांतील शेवटचा प्रश्न माणसाच्या आरोग्याचाही आहे.

मुरण्याची पूर्वतयारी शेतापासूनच सुरू होते. तंबाखूचे हिरवे पान नुसते सुकवून जाळले तर त्याचा धूर उग्र आणि कडवट येतो. त्या पानात मुख्यतः पाणी असते; उरलेल्या भागात पिष्ट पदार्थ, प्रथिने, हरितद्रव्य आणि त्या हरितद्रव्याखाली झाकली गेलेली पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये असतात. पान झाडापासून तोडले तरी ते त्याच क्षणी मरत नाही. त्यातील एन्झाइमांचे काम चालूच राहते. मुळांकडून आणि खोडाकडून येणारा पुरवठा थांबल्यामुळे ते आपलीच साठवण मोडून खाऊ लागते. पिष्टाची साखर होते, प्रथिनांची अमिनो आम्ले होतात, हरितद्रव्य नष्ट होते आणि पान पिवळे पडते. या अवस्थेत ते केव्हा आणि कसे वाळवले जाते, यावर त्याचे पुढचे सारे आयुष्य ठरते.

पान पिवळे होताच उष्णता वाढवून ते त्वरेने वाळवले, तर एन्झाइमांचे काम थांबते आणि तयार झालेली साखर पानातच राहून जाते. व्हर्जिनिया जातीची तंबाखू अशी तयार होते. बार्न नावाच्या उंच, बंद घरांत लोखंडी नळ्यांतून उष्णता खेळवून हे काम सुमारे पाच ते सात दिवसांत उरकतात. या पद्धतीचा उगम अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात झाला. १८३९ साली कॅसवेल परगण्यात अबायशा स्लेड नावाच्या जमीनदाराच्या मळ्यावर स्टीफन नावाचा एक तरुण गुलाम तंबाखूच्या कोठारातील विस्तव राखीत होता. रात्री त्याला झोप लागली आणि विस्तव विझत आला. जागा झाल्यावर त्याने लोहाराच्या भट्टीजवळचा कोळसा आणून घातला. त्या एकाएकी वाढलेल्या कोरड्या उष्णतेने पाने सोन्यासारखी पिवळी झाली, अशी हकीकत सांगतात. आंध्र प्रदेशातील गुंटूरच्या काळ्या जमिनीत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात रुजलेली तंबाखू याच वंशातली आहे.

याच्या उलट, पान सावलीत टांगून सहा ते आठ आठवडे हवेवर वाळू दिले, तर ते मरेपर्यंत आपली बहुतेक साखर खाऊन टाकते. बर्ली जातीची तंबाखू या रीतीने वाळवतात. तिच्यात साखर जवळजवळ उरत नाही. तिचा गंध सुक्या मेव्याची किंवा कोकोची आठवण करून देणारा असतो. तुर्कस्तान, ग्रीस आणि बल्गेरिया या देशांतील लहान पानांची तंबाखू उन्हात वाळवतात. तिच्या पानांवरील राळेसारख्या द्रव्यांत तिचा सुवास असतो. सीरियातील लताकिया बंदराचे नाव मिळालेली तंबाखू वाळवल्यानंतर लाकडांच्या व सुगंधी झुडपांच्या धुरात कित्येक आठवडे धुरावतात. ती आता प्रामुख्याने सायप्रसच्या नावाने ओळखली जाते. पाइपमध्ये भरले जाणारे मिश्रण बहुधा या निरनिराळ्या पानांचे असते. म्हणून एकाच डब्यातील सर्व पाने काळाच्या कसोटीला सारख्याच रीतीने उतरत नाहीत.

वाळलेले पान लगेच वापरले जात नाही. ते पुन्हा वाळवून, त्यात शेकडा दहा-बारा टक्के ओलावा राखून, दाबून बांधतात आणि गोदामात एक ते तीन वर्षे ठेवतात. पूर्वी अमेरिकेत यासाठी सुमारे हजार पौंड पान मावेल अशी प्रचंड लाकडी पिंपे वापरीत. वसंत ऋतूत आणि उन्हाळ्यात हवा तापली की पिंपांतील पान उबेला येई आणि त्यातून ओलावा व वास बाहेर पडे. गोदामातील लोक त्याला 'तंबाखूला घाम आला' असे म्हणत. असे दोन-तीन उन्हाळे गेल्यावर पानाचा करकरीत तिखटपणा कमी होई. हा 'घाम' म्हणजे मुरण्याची पहिली पायरी होय.

या मुरण्यात रासायनिक दृष्ट्या तीन गोष्टी प्रामुख्याने घडतात.

पहिली गोष्ट साखर आणि अमिनो आम्ले यांच्या संयोगाची. १९१२ साली लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने या क्रियेचे वर्णन केले, आणि तिला त्याचेच नाव मिळाले. ही क्रिया आपल्या घरात रोज घडते. पोळीवर तांबूस डाग पडतात, शेंगदाणे भाजले की त्यांना खमंगपणा येतो, बासुंदीचे दूध आटताना त्यावर किंचित तांबूस छटा चढते; या साऱ्यांमागे बव्हंशी हीच क्रिया आहे. तव्यावर ती मिनिटांत होते, कारण तेथे उष्णता प्रखर असते. तंबाखूच्या डब्यात घरातील साध्या तपमानाला तिला वर्षे लागतात. परंतु घडणारे काम त्याच जातीचे असते. साखर व अमिनो आम्ले कमी होत जातात, पानाचा रंग गडद होतो आणि भाजलेल्या, गोडसर, किंचित पावासारख्या वासाची नवी द्रव्ये निर्माण होतात. ज्या पानात साखर अधिक, त्यात ही क्रिया अधिक. म्हणूनच मुरण्याचा खरा लाभ व्हर्जिनियाला मिळतो आणि बर्लीला फारसा मिळत नाही.

दुसरी गोष्ट पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्यांच्या विघटनाची. गाजराला रंग देणाऱ्या कॅरोटीनाच्या कुळातील ही द्रव्ये मोठ्या रेणूंची असल्यामुळे त्यांना वास नसतो. प्राणवायूच्या संगतीत ती तुटतात आणि त्यांचे लहान, उडून जाण्याजोगे तुकडे होतात. या तुकड्यांना मात्र विलक्षण सुगंध असतो. त्यांपैकी डॅमॅसिनोन हे द्रव्य गुलाबाच्या अत्तरातही सापडते आणि आयोनोन या द्रव्याला व्हायोलेटच्या फुलांचा वास येतो. मुरलेल्या तंबाखूत फुलांचा किंवा फळांचा भास होतो तो केवळ कल्पनेचा खेळ नसतो. फुलांतील आणि फळांतीलच काही रेणू तेथे प्रत्यक्ष तयार झालेले असतात.

तिसरी गोष्ट आम्लतेची. काळ जातो तसे पानातील उग्र, अमोनियासारखे वायू उडून जातात किंवा संयोग पावतात, आणि पान अधिकाधिक आम्लधर्मी होत जाते. धुराचे जिभेला झोंबणे पुष्कळसे या अल्कधर्मी द्रव्यांमुळे असते. ती कमी झाली की धूर मऊ वाटतो. शौकीन ज्याला 'गोलाई' म्हणतात, तिचा पाया हा आहे.

या तीन क्रियांना सूक्ष्म जीवांची जोड दिली, तर मुरण्याचे रूप आणखी पालटते. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात, न्यू ऑर्लिन्सच्या पश्चिमेस सेंट जेम्स नावाचा परगणा आहे. तेथे पेरिक नावाची तंबाखू तयार होते. चॉक्टॉ आणि चिकासॉ या मूळ रहिवाशांपासून ही रीत गोऱ्या शेतकऱ्यांकडे आली, असे परंपरा मानते. शिरा काढलेल्या पानांच्या जुड्या व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपांत भरून त्यांवर स्क्रूच्या साहाय्याने प्रचंड दाब देतात. पानांतला रस बाहेर येतो आणि त्या रसात, हवेवाचून, पाने आंबत राहतात. मधून मधून ती बाहेर काढून मोकळी करतात आणि पुन्हा दाबतात. असे सुमारे वर्षभर चालते. शेवटी निघणारे पान काळे असते. त्याला जर्दाळूचा, मिरीचा आणि किंचित शिरक्याचा वास येतो. ते इतके तीव्र असते की मिश्रणात चवीपुरतेच घालतात.

ही युक्ती आपल्याकडे अपरिचित होती असे मात्र नाही. तंबाखू हिंदुस्थानात पोर्तुगिजांच्या मागोमाग आली. १६०४ च्या सुमारास असदबेग हा मोगल वकील विजापूरहून परतताना तंबाखू आणि ती ओढण्याची रत्नजडित नळी घेऊन गेला आणि त्याने ती अकबरापुढे ठेवली. दरबारातील वैद्यांनी तेव्हाच तिला विरोध केला होता, आणि १६१७ साली जहांगिराने तिला बंदीही घातली. परंतु बंदीला न जुमानता हुक्का घरोघर पोहोचला. या हुक्क्यासाठी उत्तरेत तंबाखू कुटून तीत गूळ किंवा काकवी, मसाले आणि फळांचा गर मिसळीत व ती मडक्यांत भरून मुरत ठेवीत. तिला 'खमिरा' म्हणत, आणि खमीर म्हणजे आंबवण. मुळात साखर कमी असलेल्या पानाला बाहेरून साखर पुरवून मुरण्याजोगे करावयाचे, ही कल्पना रसायनशास्त्राचे नावही न ऐकलेल्या कारागिरांना अनुभवातून सुचली होती.

आता पुन्हा डब्याकडे वळू. डबा बंद करताना आत थोडी हवा राहते. तिच्यातील प्राणवायू सुरुवातीच्या काळात पानांच्या क्रियांत खर्च होतो. नंतरचे मुरणे जवळजवळ हवेवाचून, अतिशय मंद गतीने चालू राहते. शौकिनांचा अनुभव असा की पहिल्या काही महिन्यांत मिश्रणातील निरनिराळ्या पानांचे वास एकमेकांत मिसळतात. दोन ते पाच वर्षांत व्हर्जिनियातील बदल ठळक होतो. पुढे तो चालू राहतो, पण त्याचा वेग मंदावतो. लताकियाची गोष्ट निराळी आहे. तिचा गुण धुरातून आलेला असतो आणि धुराची द्रव्ये काळाबरोबर निवत जातात. म्हणून लताकियाचे मिश्रण फार वर्षे ठेवले तर ते मऊ होते खरे, पण त्याचा ठसकाही हरवतो. व्हॅनिला, चेरी किंवा मद्याचा अर्क शिंपडून सुगंधित केलेल्या तंबाखूला तर काळाचा काहीच उपयोग होत नाही. तो सुगंध वरून घातलेला असतो. तो मुरत नाही, उडून जातो.

साठवणीचे नियमही या विवेचनातूनच निघतात. ओलावा फार कमी झाला की क्रिया थंडावतात आणि सुगंधी द्रव्ये उडून जातात; ओलावा फार वाढला की बुरशी धरते. उष्णता वाढवली की क्रियांचा वेग वाढतो, पण सर्व क्रियांचा सारखा वाढत नाही. वाफ आणि दाब देऊन काही दिवसांत काळे केलेले कॅव्हेंडिश पान चवीला गोड असते, परंतु ते दहा वर्षे मुरलेल्या पानासारखे नसते. भट्टीत पिकवलेल्या आंब्यात आणि अढीत पिकलेल्या आंब्यात जसे अंतर असते, तसेच येथेही आहे. जुन्या तंबाखूवर कधी पांढरी लव दिसते. ती पानातून निघालेल्या साखरेची स्फटिके आहेत असे मानून काही जण आनंदित होतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता ती पुष्कळदा साधी बुरशीच निघते. लोणच्यावर पांढरे आले की आपल्याकडे कोणीही ते मुरल्याची खूण समजत नाही. तोच न्याय येथेही लावावयास हवा.

येथपर्यंत काळाने काय केले ते पाहिले. काळाने काय केले नाही, हा भाग याहून महत्त्वाचा आहे.

तंबाखूतील मुख्य मादक द्रव्य निकोटीन. मुरण्यात ते किंचित कमी होते, परंतु व्यसन सुटेल किंवा लागणार नाही इतके कधीच कमी होत नाही. पान जळताना निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड आणि डांबरासारखी द्रव्ये तर डब्यात नसतातच. ती जळण्याच्या क्षणी जन्मतात. पान ताजे असो की वीस वर्षांचे, विस्तवाला तो भेद समजत नाही.

याहून गंभीर अशी एक गोष्ट आहे. नुकत्याच तोडलेल्या हिरव्या पानात नायट्रोसॅमीन वर्गाची संयुगे जवळजवळ नसतात. पान वाळताना आणि साठवणीत असताना, सूक्ष्म जीव पानातील नायट्रेटांचे नायट्राइट करतात आणि त्याचा निकोटीनासारख्या अल्कलॉइडांशी संयोग होऊन ही संयुगे बनतात. साठवण उष्ण आणि दमट असेल तर ती वाढतात. नायट्रेट अधिक असलेल्या बर्लीत विशेष वाढतात. त्यांपैकी दोन संयुगे माणसात कर्करोग निर्माण करणारी आहेत, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दिला आहे. म्हणजे ज्या वाळवण्यात आणि ज्या साठवणीत गुलाबाचा आणि अंजिराचा सुगंध जन्म घेतो, तेथेच विषालाही जन्म मिळतो. सुगंध नाकाला कळतो. विषाला वास नाही, म्हणून त्याची वार्ता कोणाला लागत नाही.

पाइपचा धूर छातीत ओढला जात नाही, म्हणून पाइप निरुपद्रवी, अशी एक समजूत पुष्कळ दिवस प्रतिष्ठा मिळवून होती. तीही टिकणारी नाही. अल्कधर्मी धुरातील निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनही रक्तात जाते, त्यामुळे व्यसन जडावयास छातीपर्यंत जाण्याची गरज नसते. १७९५ सालीच सोमरिंग या जर्मन वैद्याने पाइप ओढणाऱ्यांच्या ओठांना होणाऱ्या कर्करोगाकडे लक्ष वेधले होते. ओठ, तोंड, घसा, अन्ननलिका आणि फुप्फुसे यांच्या कर्करोगांशी पाइपचा असलेला संबंध आज पक्का ठरला आहे. मऊ झालेल्या धुराचा धोका येथेच आहे. जीभ पोळली असती तर माणूस थांबला असता. जीभ पोळत नाही, म्हणून तो आणखी एकदा पाइप भरतो.

तंबाखू मुरवण्याची किंमत ओढणाऱ्याखेरीज इतरही मोजतात. ओल्या पानांची तोडणी करणाऱ्या मजुरांच्या कातडीतून निकोटीन अंगात शिरते आणि त्यांना मळमळ, चक्कर व वांती होते. बेळगाव जिल्ह्यातील निपाणी हे बिडीच्या तंबाखूचे मोठे केंद्र; तेथील बहुसंख्य लोक मराठी बोलणारे. तेथल्या वखारींत तंबाखू कुटण्या-चाळण्याचे काम करणाऱ्या स्त्रियांनी वर्षानुवर्षे तिची धूळ श्वासावाटे घेतली, आणि १९८० च्या सुमारास योग्य मजुरीसाठी व माणुसकीच्या वागणुकीसाठी संघटित होऊन लढा दिला. डब्यातल्या सुगंधाचे वर्णन करताना वखारीतल्या धुळीचा विसर पडू नये.

तंबाखूच्या मुरण्याचा अभ्यास काळाविषयीची एक सर्वसामान्य गोष्ट स्पष्ट करतो. काळ कोणत्याही वस्तूत बाहेरून काही आणून घालीत नाही. जे मुळात असते, त्यालाच तो निराळे रूप देतो. पानात साखर असेल तर काळ तिचा सुगंध करतो, नसेल तर त्याचे हात रिकामेच राहतात. आणि पानात विष असेल, तर काळ त्याला गोड करतो, पण निर्विष करीत नाही. लोणच्याच्या बरणीपुढे आणि तंबाखूच्या डब्यापुढे काळ एकाच रीतीने काम करीत असतो. मुरलेले काय आहे, एवढे पाहून भागत नाही. मुळात भरले काय होते, हेही विचारावे लागते.